हॉररचा रिमेक: भीती कुठे टिकते, कुठे विरते

(सुरुवातीलाच सांगून ठेवतो, पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट उघड होणार आहेत. कुठलं नाव पाहायचं राहिलं असेल तर तो परिच्छेद खुशाल सोडून पुढे जा.)

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातेत. त्या पट्ट्यात, म्हणजे नवापूर, नंदुरबार, तळोदा इकडे, गुजराती सिनेमा पाहायला बऱ्याच जणांना सबटायटल लागत नाहीत. म्हणून 2024 च्या मार्चमध्ये अजय देवगण आणि आर. माधवनचा 'शैतान' आला, तेव्हा इकडे काही जणांना गोष्ट आधीच ठाऊक होती. कृष्णदेव याज्ञिक यांच्या 2023 च्या 'वश' या गुजराती सिनेमाचा तो रिमेक. एक सुखवस्तू कुटुंब फिरायला निघतं, वाटेत एक अनोळखी माणूस भेटतो, घरातल्या तरुण मुलीला काहीतरी खाऊ घालतो आणि त्या क्षणापासून मुलगी त्याच्या हुकमाची बांधील होते. मुलीचं काम दोन्हीकडे जानकी बोडीवालानेच केलंय. गुजरातीतल्या या भूमिकेसाठी तिला पुढे सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

फरक शेवटात आहे. हिंदीत बाप बाजी मारतो, मुलगी सुटते, दुष्टाला शिक्षा मिळते. गुजरातीत दुष्टाला शिक्षा मिळते, पण मुलगी त्या वशीकरणातून बाहेर येत नाही. बापाने सगळं केलं, तरी पोरगी परत मिळाली नाही. 'वश' पाहून झोप उडते ती या एका गोष्टीमुळे. 'शैतान' पाहताना अंगावर काटा येतो, पण दिवे लागले की आपण पार्किंगमधून गाडी काढून जेवायला जातो.

हॉररचे रिमेक मूळ सिनेमापेक्षा सरस ठरतात की त्याची धार घालवतात, हा वाद दर वेळी नव्याने सुरू होतो, आणि बहुतेक वेळा 'जुनं ते सोनं' म्हणून संपतो. ते उत्तर अर्धवट आहे. जगातले काही सर्वोत्तम भयपट रिमेकच आहेत. काही रिमेक का जमतात आणि बाकीचे का फसतात, हे समजून घ्यायचं तर आधी पडद्यावरची भीती बनते कशी ते पाहावं लागतं.

चकव्याची गोष्ट

रावेर तालुक्यातले माझे एक मामा चकव्याची एकच गोष्ट वर्षानुवर्षं सांगतात. रात्रीच्या लाईटीला मोटार चालू करायला गेलेला माणूस. शेतीपंपाची वीज आपल्याकडे काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की माणूस उठून मळ्यात जातोच. तर हा माणूस स्टार्टर दाबून परत फिरतो आणि केळीच्या बागेत त्याची वाट चुकते. पहाटेपर्यंत तो चालत राहतो, आणि उजाडल्यावर कळतं की रात्रभर एकाच बांधाला फेऱ्या मारत होतो.

केळीची बाग रात्री ज्याने आतून पाहिलीय त्याला यातली गंमत कळेल. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, बागेत डोक्यावर पानांचं छत इतकं दाट असतं की चांदणं असूनही खाली पोचत नाही. खोडाला लटकलेली वाळकी पानं वारा नसतानाही एकमेकांवर घासतात, आणि तो आवाज हुबेहूब कुणीतरी लुगडं सावरत चालल्यासारखा येतो. चारही बाजूंनी दिसतं ते सारखंच: खोड, घड, खोड, घड. बॅटरीचा झोत दोन ओळींपलीकडे जात नाही. यावल-रावेरच्या शेतकऱ्याला तिथे भूत आठवायची गरजही नसते, बिबट्या पुरेसा आहे.

मामा ही गोष्ट ऐकणारा पाहून बदलतात. मळ्यात सांगताना बांध तोच, ज्यावर आपण बसलोय. लग्नघरी सांगताना ती कुणा पाहुण्याच्या मळ्यात घडलेली. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांसाठी त्या माणसाच्या मोबाइलची बॅटरी उतरत चाललेली असते आणि रेंज गेलेली असते. एकच गोष्ट ते कधीही बदलत नाहीत. चकवा म्हणजे काय, तो कोण, त्याला काय हवंय, हे ते सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर 'चकवा म्हणजे चकवा' म्हणून पुढे जातात.

कुठलाही पट्टीचा भयकथाकार हेच करतो. भीतीला जागा ऐकणाऱ्याच्या ओळखीची लागते, कारण अनोळखी जागेत काही विपरीत घडलं तर ते फक्त विचित्र वाटतं. रोजच्या जागेत घडलं तर रोज तिथून जाताना आठवतं. भीतीला वाट पाहायला लावावं लागतं. दचकवणं सोपं आहे, कानाजवळ ताट आपटलं तरी माणूस दचकतो. पण आता काहीतरी होणार आहे हे कळूनही ते होत नाही, हा ताण वेगळा. आणि भीतीचं कारण पूर्ण उलगडून चालत नाही. जे समजलं त्याचा बंदोबस्त करता येतो, निदान डोक्यात तरी. रिमेकवाल्याने मूळ सिनेमा हातात घेतला की त्याला ठरवावं लागतं की यातली कुठली गोष्ट जशीच्या तशी ठेवायची आणि कुठली आपल्या प्रेक्षकासाठी बदलायची. फसलेले रिमेक बहुतेक वेळा नेमकी उलटी निवड करतात.

हुबेहूब नक्कल

नक्कल का चालत नाही याचा जणू प्रयोगशाळेत करावा तसा पुरावा उपलब्ध आहे. आल्फ्रेड हिचकॉकचा 'सायको' 1960 चा. 1998 मध्ये गस व्हॅन सँट या नावाजलेल्या दिग्दर्शकाने तो जवळपास शॉटला शॉट लावून पुन्हा काढला. तीच पटकथा, तेच संगीत नव्याने वाजवलेलं, कॅमेऱ्याच्या त्याच जागा. रंग तेवढे आले आणि नट बदलले. सिनेमा आपटला, टीकाही भरपूर झाली.

मूळ सिनेमातला न्हाणीघरातला खून सगळ्यांनी ऐकलेला असतो. पाऊण मिनिटाचा तो प्रसंग चित्रित करायला आठवडा लागला होता, आणि रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, कारण कृष्णधवल पडद्यावर ते जास्त खरं दिसायचं. हिचकॉकला तिथे संगीत नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहिल्या आणि त्या ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. हे सगळं खरं असलं तरी 1960 चा प्रेक्षक हादरला त्याचं मोठं कारण वेगळं होतं. जॅनेट ली ही सिनेमाची नायिका, पोस्टरवरची नटी. ती अर्ध्याच्याही आधी मरते. नायिका मेली, आता आपण कुणाचा हात धरून पुढे जायचं, ही ती भीती होती. ती अभंग राहावी म्हणून सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही थिएटरात सोडायचं नाही, असा दंडकच हिचकॉकने घालून दिला होता.

1998 च्या प्रेक्षकाला ती मरणार हे तिकीट काढायच्या आधीपासून माहीत होतं. म्हणजे चौकटी सगळ्या आल्या, पण ज्या अज्ञानावर त्या उभ्या होत्या ते उरलं नव्हतं. 'लेट द राइट वन इन' या 2008 च्या स्वीडिश सिनेमाचा 2010 चा अमेरिकी रिमेक 'लेट मी इन' उत्तम बनलाय, मनापासून बनलाय, पण मूळ पाहिलेल्याला त्यात नवं फारसं काही सापडत नाही. तोही याच अडचणीचा जरा सौम्य नमुना.

सगळं समजावून सांगण्याचा हट्ट

दुसरी चूक माझ्या मते जास्त घातक आहे, आणि अलीकडे ती सर्रास होते.

जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' (1978) सुमारे 3 लाख डॉलरमध्ये बनला होता, हॉलिवूडच्या हिशेबात किरकोळ रकमेत. खुन्याचा मुखवटा म्हणजे बाजारात मिळणारा एका टीव्ही मालिकेतल्या कॅप्टनच्या चेहऱ्याचा मुखवटा, पांढरा रंगवलेला. सहा वर्षांचं पोरगं बहिणीला मारतं, पंधरा वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळातून पळतं आणि पुन्हा मारायला लागतं. का? सिनेमा सांगत नाही. श्रेयनामावलीत त्या मुखवट्यामागच्या पात्राला माणसाचं नावही दिलेलं नाही, नुसतं 'द शेप' म्हटलंय, म्हणजे एक आकार.

2007 मध्ये रॉब झॉम्बीने त्याचा रिमेक केला आणि या खुन्याचं बालपण सविस्तर दाखवलं: घरातली शिवीगाळ, शाळेतला छळ, मुक्या प्राण्यांना मारणं. बालमनाचा अभ्यास म्हणून ते ठीक. पण आता आपल्याला तो मुलगा कळला, त्याची कीवही आली. कीव आली की भीती पातळ होते. कोपऱ्यात नुसता उभा राहिलेला तो पांढरा चेहरा मूळ सिनेमात जे करतो, ते रिमेकमध्ये हाणामारीचे कितीही प्रसंग घातले तरी होत नाही.

याचं एक व्यावहारिक कारण आहे. रिमेकला पैसा घालणाऱ्याला 'यात नवीन काय' हे उत्तर द्यावं लागतं, आणि सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे 'मूळ सिनेमाने न सांगितलेलं आम्ही सांगू'. ते न सांगितलेलंच सिनेमाचं भांडवल होतं, हे त्या बैठकीत कुणाच्या ध्यानात येत नसावं.

शेवट गोड करणं हीदेखील याच कुळातली चूक. 'शैतान'चं वर सांगितलंच. 'स्पीक नो ईव्हिल' हा 2022 चा डॅनिश सिनेमा: एक सभ्य कुटुंब यजमानांचा अपमान होऊ नये म्हणून एकेक गोष्ट सोसत जातं आणि त्या सभ्यतेपायी शेवटी जीव गमावतं. 2024 च्या इंग्रजी रिमेकमध्ये तेच कुटुंब उलटून लढतं आणि निसटतं. पाहायला थरारक आहे, जेम्स मॅकव्हॉयचं काम तर जबरदस्त. पण 'नाही' म्हणता न आल्यामुळे माणसं मरतात ही मूळ बोच गेली. याहून चमत्कारिक गोष्ट 'द व्हॅनिशिंग'ची. जॉर्ज स्लाउझरने 1988 मध्ये तो डच-फ्रेंच भाषेत केला, आणि 1993 मध्ये हॉलिवूडसाठी त्यानेच पुन्हा केला. मूळ शेवट असा आहे की ज्याने पाहिला तो विसरूच शकत नाही. रिमेकमध्ये त्याच माणसाने तो बदलून सुखरूप सुटका दाखवली. म्हणजे दिग्दर्शक तोच असला तरी हमी नाही. ज्या बाजारासाठी सिनेमा बनतोय त्याची ओढ त्याच्याहून जोरकस ठरू शकते. हिंदीत मोठा नट बाप झाला की तो हरलेला दाखवणं अवघड होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मग सरस ठरलेले रिमेक कुठले?

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जे रिमेक मूळापेक्षा वरचढ ठरले, त्यांचे मूळ सिनेमे परिपूर्ण नव्हते. त्यांची कल्पना मोठी होती आणि साधनं अपुरी होती.

'द थिंग'चं पाहा. जॉन कॅम्पबेलची 1938 ची एक दीर्घकथा: अंटार्क्टिकावरच्या तळावर बर्फातून एक परग्रहावरचा जीव बाहेर येतो, आणि तो कुणाचंही रूप घेऊ शकतो. सोबत जेवणारा माणूस माणूसच आहे की नाही हे सांगता येत नाही. 1951 मध्ये यावर सिनेमा निघाला तेव्हा रूप बदलणं दाखवायचं तंत्र नव्हतं, म्हणून तो जीव म्हणजे सोंग चढवलेला एक धिप्पाड नट झाला. सिनेमा चांगला आहे, पण संशयाची भीती त्यात उरली नाही; राक्षस बाहेर, माणसं आत, एवढंच राहिलं. कार्पेंटर 1982 मध्ये सिनेमाकडे न जाता थेट कथेकडे गेला. रॉब बॉटिन या विशीतल्या कलाकाराने रबर, रसायनं आणि यंत्रं वापरून जी रूपं घडवली ती आजही पाहवत नाहीत. पण सिनेमाचा खरा कळस आहे तो रक्ततपासणीचा प्रसंग. सगळ्यांना बांधून बसवलंय, एकेकाच्या रक्तात तापलेली तार बुडवली जातेय, आणि आपणही कोण निघणार याची वाट पाहत त्यांच्यासोबत बसलोय.

हा सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा पडला होता. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, गोड परग्रहवासी पाहून लोक रडत होते. त्यांना हा चालला नाही. आज तो जगातल्या श्रेष्ठ भयपटांत मोजतात. रिमेक पहिल्या आठवड्यात कसा चालला यावरून त्याचा निकाल लावू नये, हे मला यातून पक्कं पटलंय.

'द फ्लाय'चंही तसंच. 1958 च्या सिनेमात यंत्रातल्या गफलतीमुळे शास्त्रज्ञाचं आणि माशीचं डोकं एका क्षणात अदलाबदल होतं. डेव्हिड क्रोननबर्गने 1986 मध्ये ते हळूहळू घडवलं. आधी अंगात ताकद येते, मग पाठीवर राठ केस, मग नखं गळतात, दात पडतात. प्रेयसी हे सगळं पाहतेय आणि काही करू शकत नाही. घरात कुणाचं लांबलेलं दुखणं ज्यांनी काढलंय त्यांना हा सिनेमा माशीचा वाटणारच नाही. रंगभूषेचं ऑस्कर त्याला मिळालं, पण त्याचं मोठेपण कल्पनेतल्या त्या एका बदलात आहे. अपघाताचा आजार केला, आणि भीती प्रत्येकाच्या घरात शिरली.

भूत गाव बदलतं तेव्हा

दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या भाषेत गेलेले रिमेक हा प्रकार आपल्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आपल्याकडे येणारे बहुतेक रिमेक याच वाटेने येतात.

जपानी 'रिंगू' (1998) आणि अमेरिकी 'द रिंग' (2002) यांची तुलना नेहमी होते. गोष्ट एकच: शापित व्हिडिओ कॅसेट पाहिली की सात दिवसांत मरण. जपानी सिनेमा शांत आहे, केस मोकळे सोडलेल्या बाईच्या भुताची तिथली परंपरा जुनी, त्यामुळे फार सांगावं लागत नाही. अमेरिकी सिनेमाला ती परंपरा आयती मिळणार नव्हती. त्याने नवी दृश्यं शोधली. त्यातलं बोटीवरचं घोड्याचं दृश्य जपानी सिनेमात नाही. बंद डब्यातला घोडा नायिका जवळ येताच बिथरतो, दार फोडतो आणि बोटीवरून खाली उडी घेतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडेबाजार पाहत वाढलेल्या माणसाला विचारा, घोडा बिथरला की भोवतालच्या माणसांचे चेहरे कसे होतात. जनावराला आधी कळतं, हा समज सगळीकडे आहे, म्हणून ते दृश्य भाषांतराशिवाय पोचतं. मला 'रिंगू' अधिक आवडतो, पण 'द रिंग'ने स्वतःची भीती स्वतः कमावली, हे मान्य करावंच लागेल.

आपल्याकडची उत्तम साखळी म्हणजे फाझिल यांचा मल्याळम 'मणिचित्रताळु' (1993). जुन्या वाड्यात राहायला आलेली सून, बंद खोली, आणि त्या खोलीत कधीकाळी कोंडलेल्या नर्तकीची कहाणी. भूत नसतं, सुनेचं मन आजारी असतं आणि ती स्वतःला ती नर्तकी समजू लागते. शोभनाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्याचा कन्नडमध्ये 'आप्तमित्र' (2004), तमिळमध्ये 'चंद्रमुखी' (2005) आणि हिंदीत 'भूल भुलैया' (2007) झाला. मल्याळी घरातली सून अचानक तमिळ बोलू लागते, तो क्षण मूळ सिनेमाचा कणा आहे. रिमेकवाल्यांनी तो बरोबर ओळखला. कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये ती तेलुगू बोलते, हिंदीत बंगाली. प्रत्येकाने शेजारची, कानावर पडणारी पण घरातली नसलेली भाषा निवडली. हिंदीत पहिल्या अर्ध्या भागातला विनोद इतका पसरलाय की वाड्याचं दडपण ढिलं पडतं, ही माझी तक्रार आहे. पण ती भाषा बदलताना विद्या बालन समोर असली की तक्रार आठवत नाही.

हीच गोष्ट आपल्याकडे करायची तर? खान्देशात एखादी बाई वेगळ्या आवाजात बोलू लागली तर सगळ्यांत आधी भूत आठवेलच असं नाही. श्रावणात कानबाईच्या उत्सवात बायकांच्या अंगात येतं, तेव्हा लोक घाबरत नाहीत, पाया पडतात. मुंजाचंही तसंच. 2024 च्या 'मुंज्या'मध्ये तो कोकणातला पछाडणारा पोरगा आहे. यावल तालुक्यात अट्रावलला मुंजोबाची माघात यात्रा भरते, लोक नवस फेडायला येतात. 'मुंज्या'ची गोष्ट उचलून अट्रावलच्या शिवारात ठेवली तर ती तशीच चालणार नाही. ज्याच्यापुढे आजी हात जोडते त्याला पडद्यावर राक्षस करायचं तर आधी त्या श्रद्धेशी काहीतरी नातं जोडावं लागेल. भूत दुसऱ्या गावात नेताना लेखकाला नेमकं हेच काम असतं, आणि तेच बहुतेक जण टाळतात.

लपाछपी आणि छोरी

मराठी माणसाने रिमेकवर बोलताना विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ला वगळू नये. 2017 मध्ये तो थिएटरात आला. गरोदर बाई नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एकाकी घरात लपायला येते. घर सांभाळणारी तुळसाबाई तिचं सगळं प्रेमाने करते. उसात लहान मुलांचे आवाज येतात. मग हळूहळू कळतं की या घरात पोटातल्या आणि जन्मलेल्या मुलींचं काय झालंय. चार वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने हिंदीत 'छोरी' (2021) केला, नुश्रत भरुचाला घेऊन, उत्तरेकडच्या गावात.

'छोरी' देखणा आहे. फडाचं वरून घेतलेलं दृश्य, त्या भुलभुलैयासारख्या वाटा, कॅमेरा मूळ सिनेमापेक्षा कितीतरी सफाईदार. घर सांभाळणाऱ्या बाईच्या भूमिकेतली मिता वशिष्ठ ताकदीची नटी आहे. पण तिला पाहताच आपण सावध होतो. 'लपाछपी'त तुळसाबाई झालेली उषा नाईक आपल्या एखाद्या मावशीसारखी वाटते, डोक्याला तेल लावते, ताटात वाढते. तिच्यावर संशय घ्यायची आपल्यालाच लाज वाटते. माझं माप इथे मराठीकडे झुकतं.

तरीही हा रिमेक पोचला, कारण त्याची भीती महाराष्ट्रापुरती नव्हतीच. आपल्या राज्यात 0 ते 6 वयोगटात हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 होत्या, 2011 मध्ये 894 झाल्या. सर्वांत कमी प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत आपला जळगाव जिल्हा होता. केळी-कापसाचा पैसा असलेला, शिकलेला जिल्हा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा. म्हणजे 'लपाछपी'तली उसातली पोरं इथल्या प्रेक्षकाला परकी नाहीत. सिनेमा पाहताना शेजारच्या खुर्चीत बसलेल्या कुणाला तरी स्वतःच्या घरातलं काही आठवत असणार. हरियाणातल्या, राजस्थानातल्या प्रेक्षकालाही आठवत असणार. ज्या भीतीचं मूळ दोन्ही समाजांत खरं असतं, तिचा रिमेक कॅमेऱ्याच्या चुका पोटात घालूनही उभा राहतो.

म्हणूनच एक रिमेक मला मनापासून पाहायचा आहे: 'लपाछपी' अहिराणीत, उसाऐवजी केळीत. बाग आपली, रात्रीची लाईट आपली, सासूची माया आपली. सून नाशिक-पुण्याकडची, जिला अहिराणी समजते पण बोलता येत नाही, आणि एका रात्री तीच ठसक्यात म्हणते, 'मी आठेच शे', म्हणजे 'मी इथेच आहे'. पैसा फार लागणार नाही. मालेगावच्या मंडळींनी यंत्रमागाच्या गावात 'शोले'ची आपली आवृत्ती काढली आणि त्यांच्या सिनेमावेडावर पुढे माहितीपटही निघाला. साधनांवाचून अडून बसायची सवय या भागाला नाही.

मात्र एका रिमेकच्या वाटेला आपल्या लोकांनी जाऊ नये, असं मला तळमळीने वाटतं. परदेशी भयपटांत चेटकीण हे हुकमी पात्र आहे. अमेरिकेत बायकांना चेटकीण ठरवणारे सेलमचे खटले 1692 चे. तिथे आता चेटकीण म्हणजे टोपी आणि झाडू. आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना आपल्याच हयातीतल्या आहेत. ज्या बाईला डाकीण ठरवतात ती बहुतेकदा एकटी असते, विधवा असते, किंवा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते कित्येक वर्षं या पाड्यांवर फिरले. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, 2013 मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुणावर करणीचा आळ घेऊन तिचा छळ करणं त्याखाली गुन्हा आहे. अशा ठिकाणी परदेशी सिनेमातली म्हातारी उचलून तिला सातपुड्यातलं नऊवारी नेसवायचं, आणि शेवटी 'ती खरोखरच डाकीण होती' असं दाखवायचं, यात कुणाचा तरी जीव धोक्यात येऊ शकतो.

ही गोष्ट करायचीच असेल तर कॅमेरा त्या म्हातारीच्या झोपडीत आतल्या बाजूला ठेवा. बाहेर मशाली, ओळखीचे आवाज, पुतण्या, शेजारी, सकाळी तिच्याकडून औषधाचा पाला नेलेला माणूस. दार लाकडाचं, कडी जुनी. हा सिनेमा मूळ परदेशी सिनेमापेक्षा जास्त भीतिदायक होईल, आणि त्यात एकही चेटकीण लागणार नाही.